रसदेचा माणूस: गोविंदपंत बुंदेले आणि १७६० साल



पानिपताचा विषय निघाला की दोन नावांवर हमखास बोट ठेवले जाते. एक मल्हारराव होळकर आणि दुसरे गोविंदपंत बुंदेले. मल्हाररावांची बाजू मांडणारे पुष्कळ भेटतात, गोविंदपंतांच्या बाजूने फारसे कोणी उभे राहत नाही. "पंतांनी रसद पोचवली नाही, म्हणून फौज उपाशी लढली" एवढ्या एका वाक्यात त्यांचा निकाल लागतो. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड छापला. भाऊसाहेबांनी पंतांना लिहिलेली पत्रे त्यात आहेत आणि प्रस्तावनेत पंतांवर ठपकाही आहे. तो ठपका पुढे व्याख्यानांत आणि कादंबऱ्यांत गेला व तिथून घराघरात पोचला.

माझी सगळी नोकरी सैन्याच्या पुरवठ्यात, म्हणजे सेना सेवा कोरमध्ये झाली. आटा, डाळ, तेल, केरोसीन, खेचरे आणि ट्रक हेच आमचे शस्त्र. त्यामुळे कोणी "रसद पोचली नाही" म्हटले की माझ्या मनात लगेच तीन प्रश्न येतात. काम नेमके काय सांगितले होते? ते करायला हाताशी काय दिले होते? आणि रस्ता उघडा होता का? आज हेच तीन प्रश्न आपण गोविंदपंतांच्या बाबतीत विचारू. पंतांचे वकीलपत्र घ्यायचे नाही. एका पुरवठा अधिकाऱ्याने दुसऱ्याचे दप्तर तपासावे, तसे तपासायचे.

आधी माणूस ओळखून घेऊ. गोविंद बल्लाळ खेर हे त्यांचे खरे नाव. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले नेवरे. १७२९ साली बाजीराव बुंदेलखंडात छत्रसालाच्या मदतीला धावले. त्या उपकाराची फेड म्हणून छत्रसालाने आपल्या राज्यातला वाटा पेशव्यांना दिला. छत्रसाल १७३१ मध्ये वारला. नव्याने मिळालेल्या त्या मुलखाचा कारभार पाहायला जो माणूस नेमला, तो हा कोकणातला खेर. बुंदेलखंडात इतका मुरला की आडनावच 'बुंदेले' पडले. सागरला त्याने ठाणे केले आणि शहर वाढवले. पुढे दुआबातला, म्हणजे गंगा-यमुनेच्या मधला इटावा, शिकोहाबादचा भागही त्याच्या हाताखाली आला. सागर आणि काल्पी-जालौन या बाजूंना मुलगे कारभार पाहत होते. १७६० साली पंत म्हातारे झाले होते आणि त्यांची हयात हिशेब, वसुली, जमीनदारांशी घासाघीस आणि पुण्याला पैसा पाठवणे यात गेली होती.

इथे एक शब्द नीट समजून घ्यायला हवा. तो शब्द आहे 'रसद'. आज रसद म्हटले की आपल्याला धान्याची पोती दिसतात. पेशव्यांच्या दप्तरात या शब्दाला दुसराही एक अर्थ होता. कमाविसदाराला एखादा परगणा दिला की वसूल हाती येण्याआधीच त्याने सरकारात काही रक्कम आगाऊ भरायची. त्या आगाऊ भरण्यालाही रसद म्हणत. हा पैसा कमाविसदाराच्या घरात नसे. तो सावकाराकडून व्याजाने उचलायचा आणि पीक निघाल्यावर रयतेकडून वसूल करून फेडायचा. म्हणजे राज्याचा गाडा सावकाराच्या हुंडीवर आणि कमाविसदाराच्या पतीवर चाले. गोविंदपंत तीस वर्षे या दुसऱ्या अर्थाच्या रसदेचे माणूस होते. १७६० साली त्यांच्यावर पहिल्या अर्थाची रसद येऊन पडली.

आता पहिला प्रश्न. काम काय सांगितले होते?

मार्च १७६० मध्ये भाऊसाहेब परतूडहून उत्तरेकडे निघाले. मे अखेरीस फौज ग्वाल्हेरच्या आसपास होती. अहमदशहा अब्दाली तेव्हा दुआबात होता आणि पुढे गंगाकाठी अनूपशहरला त्याने तळ ठोकला. भाऊंचा मूळ बेत इटाव्याजवळ यमुना उतरून दुआबात शिरायचे आणि अब्दालीला तिथेच गाठायचे असा होता. त्यासाठी पंतांना एकामागून एक पत्रे गेली. त्यांतली कामे मी चार भागांत मांडतो. एक, यमुनेवर नावा जमवून पूल बांधायची तयारी ठेवा. दोन, वसुलाचा पैसा ताबडतोब पाठवा. तीन, अवधचा नवाब शुजाउद्दौला अब्दालीला मिळणार नाही असे पाहा. चार, फौज घेऊन शत्रूच्या मुलखात धामधूम करा, म्हणजे त्याची रसद तुटेल.

मंडळी, ही चार वेगवेगळ्या खात्यांची कामे आहेत. नावांचा पूल हे इंजिनियरांचे काम. पैसा हे खजिन्याचे. शुजाला थोपवणे हे वकिलाचे आणि वेळ पडल्यास एका मोठ्या फौजेचे. शत्रूची रसद तोडणे हे चपळ घोडदळाचे. ही चारही एका वयस्क मामलतदाराच्या नावावर होती आणि त्याच्याजवळ होती ती वसुलीसाठी ठेवलेली शिबंदी. जमीनदाराच्या गढीसमोर उभी राहिली तर तो पैसे काढील, एवढीच तिची योग्यता. अफगाण घोडेस्वारांशी उघड्यावर झुंजायला ती तयार केलेली नव्हती.

दुसरा प्रश्न, हाताशी काय होते. पैशापासून सुरुवात करू. उत्तरेत वसुलाचे दोन हंगाम असत. खरीप निघाल्यावर कार्तिक-मार्गशीर्षात आणि रब्बी निघाल्यावर चैत्रापासून ज्येष्ठापर्यंत. भाऊंची निकड लागली ती ऐन पावसाळ्यात, जेव्हा शेतात पीक उभे असते आणि शेतकऱ्याचे घर रिकामे असते. त्यात अब्दाली जवळ आलेला. अशा वेळी जमीनदार काय करतो? तो वाट बघतो. उद्या राज्य कोणाचे राहील हे ठाऊक नसताना आज पैसे कशाला भरायचे? आणि सावकार काय करतो? तोही हात आखडतो. ज्या पतीवर हुंडी चालायची, ती पतच हलली होती. जुलैमध्ये शुजा अब्दालीला जाऊन मिळाला, तेव्हा दुआबातल्या मराठी अमलाचे पायच लटपटले.

नावांचे काय झाले? त्या वर्षी यमुनेला पाणी लवकर चढले. जमवलेल्या नावांचा फुगलेल्या नदीपुढे उपयोग झाला नाही. इटाव्याचा बेत सोडून फौज आग्र्यामार्गे दिल्लीला गेली आणि ऑगस्टच्या सुरुवातीला तिने दिल्ली घेतली. खजिना इतका रिता होता की लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासचे चांदीचे छत उतरवून त्याचे रुपये पाडावे लागले. हे छत कोणी हौसेने उतरवले नव्हते. फौजेला पगार द्यायला दुसरे काही उरले नव्हते.

तिसरा प्रश्न रस्त्याचा, आणि माझ्या मते सगळे प्रकरण इथे आहे. पण त्याआधी थोडी आकडेमोड करू या. हे दप्तरातले आकडे नव्हेत, आमच्या धंद्यातला ढोबळ अंदाज आहे.

लढणारे, बुणगे, बाजारकरी, यात्रेकरू आणि बायकामुले मिळून दीड लाख माणसे धरू. माणशी रोज अर्धा किलो धान्य म्हटले तर दिवसाला साडेसातशे क्विंटल झाले. एका बैलाच्या पाठीवर एक क्विंटल धरला तर रोज साडेसातशे बैल छावणीत यायला हवेत. बंजाऱ्यांचा तांडा दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालतो. इटाव्याहून दिल्लीमार्गे पानिपत पावणेचारशे ते चारशे किलोमीटर. म्हणजे जायला महिना आणि परतायला महिना. रोज साडेसातशे बैल पोचत ठेवायचे तर वाटेवर एका वेळी पंचेचाळीस ते पन्नास हजार बैल हवेत. हे फक्त माणसांचे झाले. पन्नास हजार घोड्यांना रोज दोन-दोन किलो दाणा धरला तर आणखी साठ हजारांवर बैल लागतील. त्या बैलांना वैरण वेगळीच.

लाखावर बैल दोन महिने रस्त्यावर, आणि रस्त्यात शत्रू. असा पुरवठा त्या काळी कोणतीच फौज करत नव्हती आणि कोणी करेल अशी अपेक्षाही नव्हती. फौज जिथे उतरेल तिथे बाजार भरायचा, आसपासचे बंजारे आणि वाणी धान्य आणायचे, शिपायाने स्वतःच्या पगारातून विकत घ्यायचे आणि घोड्यांसाठी रोज कहीला बाहेर पडायचे, ही तेव्हाची रीत. त्यामुळे फौज जगण्यासाठी दोनच गोष्टी लागत. खिशात रोकड आणि छावणीभोवतीचा मुलूख मोकळा. सागर किंवा इटाव्याहून पोती येतील, अशी कल्पना करून आपण पंतांना दोष देत आलो. तिथून येऊ शकत होता तो पैसा, आणि तो यायला दिल्ली ते छावणी ही वाट उघडी हवी होती.

ती वाट कशी बंद झाली? १७ ऑक्टोबरला भाऊंनी दिल्लीच्या उत्तरेला कुंजपुरा जिंकला. अब्दालीसाठी साठवलेले धान्य आणि रोकड हाती आली. पुरवठ्याच्या दृष्टीने सगळ्या मोहिमेतला हा सर्वांत चांगला दिवस. पण त्यासाठी फौज दिल्ली मागे टाकून शे-सव्वाशे किलोमीटर वर गेली होती. आठवडाभरातच, २५-२६ ऑक्टोबरच्या सुमारास, अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून पलीकडून अलीकडे आला आणि फौज व दिल्ली यांच्या मध्ये बसला. त्या दिवसापासून भाऊंची पिछाडी शत्रूच्या हातात गेली. अब्दालीचा पुरवठा मात्र नजीबखानाच्या मदतीने दुआब आणि रोहिलखंडातून नदीपलीकडून येत राहिला. ही वाट गोविंदपंतांनी बंद केली नव्हती. बागपतच्या उतारावर पहारा ठेवणे हे त्यांचे काम नव्हते.

आता पंतांच्या हातात करण्याजोगे एकच काम उरले. आपल्या फौजेला धान्य पोचवता येत नसेल, तर शत्रूचे तोडायचे. डिसेंबरमध्ये पंत दुआबातून वर सरकत मेरठच्या बाजूला आले आणि अब्दालीकडे जाणारे धान्य त्यांनी अडवायला सुरुवात केली. परिणाम काय झाला, हे शत्रूच्या बाजूच्या माणसाकडून ऐकू. काशिराज शिवदेव हा मराठी माणूस शुजाच्या चाकरीत होता. तो अब्दालीच्या छावणीत सगळे डोळ्यांनी पाहत होता आणि त्याने पुढे फारसीत हकीकत लिहिली. गोविंदपंतांच्या या हालचालींमुळे अब्दालीच्या छावणीत धान्य फार महाग झाले, असे तो सांगतो.

ज्या माणसाने काहीच केले नाही असे आपण म्हणतो, त्याच्या कामाची ही पावती शत्रूच्या गोटातली आहे. दुसरी पावती अब्दालीने स्वतः दिली. त्याने अताईखान या सरदाराला निवडक घोडदळ देऊन पंतांवर सोडले. घोडदळ यमुना ओलांडून शाहदऱ्यावर आले. तिथली मराठी चौकी त्यांनी कापली, मग गाझियाबाद, आणि पुढे जलालाबादजवळ पंतांची छावणी गाफील गाठली. पंत मारले गेले. त्यांचे शिर अब्दालीकडे गेले आणि त्याने ते भाऊसाहेबांकडे पाठवून दिले.

मी राहतो ते लक्ष्मीबाई नगर दक्षिण दिल्लीत आहे. आयएनएच्या स्टेशनवरून मेट्रोची गुलाबी मार्गिका धरायची, वेलकमला लाल मार्गिकेत बदल करायचा, की शाहदरा आणि पुढे गाझियाबाद लागते. रोज लाखो माणसे त्या वाटेने कामाला जातात. पानिपताच्या काला आंब स्मारकावर मराठी माणसे आवर्जून जातात, जानेवारीत तर गर्दी होते. गाझियाबादच्या बाजूला पंतांसाठी कोणी जात नाही. आमच्या वसाहतीला जिचे नाव आहे त्या राणीच्या झाशीचाही या गोष्टीशी धागा आहे. झाशीचे पूर्वीचे सुभेदार नारोशंकर हेच १७६० साली दिल्लीच्या बंदोबस्ताला होते आणि पंतांकडचा पैसा त्यांच्यामार्फत छावणीत जायचा होता.

त्या पैशाचीही गोष्ट ऐका. पंत गेल्यावर दिल्लीत काही लाखांची रक्कम येऊन पोचली. आता प्रश्न, ती पानिपतला न्यायची कशी? जानेवारी १७६१ मध्ये पाराशर दादाजी नावाच्या सरदाराबरोबर स्वारांची एक तुकडी निघाली. प्रत्येक स्वाराजवळ रुपयांची थैली. रात्रीचा प्रवास, थंडीचे दिवस. वाट चुकली आणि तुकडी अब्दालीच्याच छावणीत शिरली. मराठी बोलणे ऐकताच पहारेकऱ्यांनी ओळखले. बहुतेक सगळे कापले गेले. काही दिवसांतच, १४ जानेवारीला, उपाशी फौज लढायला बाहेर पडली. दिल्लीत पैसा होता, पानिपतात पोट रिकामे होते आणि मधल्या नव्वद किलोमीटरांत अब्दाली होता.

आता जरा लांब, अमेरिकेत जाऊ. पानिपतानंतर सतरा वर्षांनी वॉशिंग्टनची फौज व्हॅली फोर्ज इथल्या हिवाळी तळावर उपाशी आणि अनवाणी बसली होती. देशात धान्य नव्हते असे नाही. गाड्या नव्हत्या, गाडीवान नव्हते आणि कागदी चलनाची किंमत रोज घसरत होती. मार्च १७७८ मध्ये नाथानिएल ग्रीन या लढवय्या सेनापतीला क्वार्टरमास्टर जनरल केले, म्हणजे वाहतूक, तळ आणि साहित्य त्याच्याकडे दिले. त्याला हे काम नको होते. इतिहास क्वार्टरमास्टरचे नाव घेत नाही, अशी तक्रार त्याने वॉशिंग्टनला लिहिलेल्या पत्रात केली आहे. तरीही त्याने गाड्या आणि घोडे जमवले, वाटेवर ठिकठिकाणी साठे केले, आणि त्याच उन्हाळ्यात फौज इंग्रजांच्या पाठलागावर झपाट्याने निघू शकली.

पण लक्ष द्या, ग्रीनला धान्य खरेदी करायची नव्हती. त्यासाठी त्याच सुमारास जेरेमाया वॉड्सवर्थ हा वेगळा कमिसरी नेमला होता. कपड्यांसाठी आणखी वेगळा अधिकारी होता. खात्यांची अशी वाटणी त्यांनी युद्ध चालू असतानाच, ठेचा खात खात सुधारत नेली. ग्रीनवरही आरोप झालेच. त्याला आणि त्याच्या दोन सहायकांना मिळून खर्चावर एक टक्का दलाली मिळे, त्यावरून काँग्रेसमध्ये वाद झाले आणि १७८० मध्ये त्याने राजीनामा दिला. पुढे दक्षिणेतल्या फौजेच्या कपड्यांसाठी तो एका ठेकेदाराला जामीन राहिला. ठेकेदार बुडाला, कर्ज ग्रीनच्या गळ्यात आले आणि १७८६ मध्ये तो कर्जबाजारी अवस्थेतच वारला. आपली पत फौजेसाठी गहाण टाकायची आणि शेवटी पैसा खाल्ल्याचा संशयही घ्यायचा, हे दोन्हीकडे सारखेच दिसते. फरक एवढा की अमेरिकेची लढाई जिंकली गेली, म्हणून ग्रीनचे पुतळे उभे राहिले.

मग पंतांकडे दोष नाही का? आहे. पुण्याला त्यांच्या हिशेबाचा संशय होता आणि वर्षानुवर्षांची थकबाकी काही सगळी दुष्काळाने झालेली नव्हती. मामलतदार आधी आपली घडी बसवतो, मग सरकारची, हे त्या काळचे वास्तव होते आणि पंत त्याला अपवाद नव्हते. दुआबात वर यायला त्यांनी उशीर केला. डिसेंबरमध्ये जे केले ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला झाले असते, तर अब्दालीची कोंडी अधिक लांबली असती. आणि शत्रूच्या घोडदळाच्या टप्प्यात असताना छावणीच्या चौक्या पुढे लांबवर नव्हत्या, ही चूक तर त्यांच्या जिवावरच बेतली. एवढे दोष माझ्या तपासणीत निघतात आणि मी ते लिहून ठेवतो.

पण 'फितुरी' किंवा 'नमकहरामी' असा शेरा मारण्याजोगे मला काही दिसत नाही. फितूर माणूस म्हातारपणी थंडीत शत्रूच्या पिछाडीला जाऊन मरत नाही. आणि ज्या पोत्यांसाठी आपण त्यांना जाब विचारतो, ती पोती वाहायला लाखभर बैल आणि उघडा रस्ता लागत होता. दोन्ही त्यांना कोणी दिले नव्हते. त्या मोहिमेत इब्राहिमखान गारद्याची तोफखान्याची वेगळी शिस्त होती, घोडदळाचे वेगळे सरदार होते, वकील होते. फौजेच्या पोटाचा मात्र स्वतंत्र सरदार कोणी नव्हता. ते काम वसुली करणाऱ्याने जाता जाता करावे, असे धरून चालले गेले.

याच वर्षाची आणखी एक नोंद सांगतो. आमची सेना सेवा कोर दरवर्षी ८ डिसेंबरला आपला स्थापनादिन पाळते आणि आपले वय १७६० पासून मोजते. कंपनी सरकारच्या पुरवठा खात्याची सुरुवात त्या साली धरली जाते. म्हणजे इंग्रज व्यापाऱ्यांची छोटी फौज ज्या महिन्यात धान्य-बैलांसाठी स्वतंत्र खाते मांडत होती, त्याच महिन्यात गाझियाबादेजवळ आपला मामलतदार ते काम एकट्याने करताना पडला. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत कोणाचा जम का बसला, याची कारणे अनेक आहेत. त्या यादीत हे कारण वरच्या बाजूला लिहायला हवे.

पंतांच्या मुलांनी बापाच्या मागे बुंदेलखंडातला कारभार चालू ठेवला. सागर १८१८ साली इंग्रजांकडे गेले. त्या भागात आजही मराठी घरे आहेत, त्यांची बोली बुंदेली झाली तरी देवघरातले कुळाचार कोकणातले आहेत. हा भाग त्यांच्यापैकी कोणी पाहत किंवा वाचत असेल, तर त्यांनी आपल्या घरातली जुनी बाडे उघडून बघावीत. वसुलीचे कागद असतील, हुंड्यांच्या नकला असतील. कंटाळवाणे वाटले तरी ते टाकू नका. १७६० सालच्या पावसाळ्यात सावकाराने पंतांना किती व्याजाने पैसे दिले किंवा नाकारले, एवढा एक कागद सापडला तरी पानिपताच्या चर्चेत दहा भाषणांपेक्षा अधिक भर पडेल.

पुढच्या भागात आपण बंजाऱ्यांच्या तांड्यांकडे वळू. धान्य कोणी पाठवायचे यावर आज बोललो, ते पाठीवर कोण वाहत होते ते तेव्हा पाहू.

जय हिंद.